खोडीचा रकाना

सात रस्ता चौकातल्या एका सल्लागार कंपनीत शिवलीला जुने अहवाल सांभाळते. कारखान्यांना दिलेला प्रत्येक सल्ला तिच्या संगणकात जातो, म्हणजे पुढच्या माणसाला तो सापडतो. त्यात तिनं स्वतःचा एक रकाना घातलाय: खोड. सल्ला कुठं फसला हे लिहिल्याशिवाय ती अहवाल घेतच नाही. निम्मं ऑफिस तिच्यावर खार खाऊन असतं. तिला फरक पडत नाही. तिचे वडील गुरप्पा मंद्रूपच्या बाजारात बैल विकताना आधी खोड सांगायचे. "गुण काय, गिऱ्हाईक बघून घेतंय की," म्हणायचे.

परवा मोठे साहेब तिच्या टेबलापाशी आले. एका टॉवेल कारखान्याला त्यांनी दिलेला सल्ला सपशेल फसला होता, आणि तसं तिनंच त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं.

"आता मी संचालक झालोय. तेवढा अहवाल काढून टाका."

"नाही जमायचं, साहेब. ऑफिसात सगळ्यात जास्त तोच वाचतात."

साहेबांचा चेहरा उतरला. "हसायला?"

"कारखान्यात जायच्या आधी वाचतात. तुमची चूक पुन्हा कुणी केली नाही." तिनं स्क्रीन त्यांच्याकडं वळवली; कुठला अहवाल कुणी उघडला, त्याची यादी होती. "तुमच्या यशाचे अहवाल मात्र तुमच्याशिवाय कुणी उघडत नाही. बघा की."