पिशवीबाई

घरात पाऊल टाकलं की चपला काढायच्या आधीच बाई विचारायच्या, "पिशवी कुठाय?" कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला तरी हात लावायच्या नाहीत. "चहापाणी नंतर, पिशवी आधी." म्हणून आम्ही पोरं त्यांना पिशवीबाई म्हणायचो. त्यांना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही.

आम्ही पोरं म्हणजे ज्यांना सांभाळायला घरचं कुणी उरलं नव्हतं अशी. बालगृहातून आम्हाला एकेका कुटुंबात राहायला पाठवत. तिथं पोर रुळलं का, त्याचे हाल होत नाहीत ना, हे दर महिन्याला घरी जाऊन बघणं हे संस्थेत बाईंचं काम. त्यांचा आडाखा साधा होता. पोराचे कपडे त्या घरच्या कपाटात गेले की पोर घरात गेलं. कपडे पिशवीतच असतील, तर ते अजून दारातच उभं आहे असं समजायचं. लाड करणं त्यांना जमायचं नाही. "डोक्यावरून हात फिरवणारे पुष्कळ येतात, मी कपडे बघायला येते," असं म्हणायच्या. शब्द तर त्यांनी कधी कुणाला दिला नाही. काहीही मागितलं तरी एकच उत्तर, "बघते."

मला पाठवलं कोपरखैरण्याला, बोनकोडे गावाला लागून नवी बैठी घरं झाली होती तिथं. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती आणि मी तेरा वर्षांची. काका महापेच्या कारखान्यात पाळीवर. काकू घरी, आणि वर्षाची जुळी पोरं. शाळेत माझं नाव घातलं, पंधरा दिवस गेलेही. मग एका पोराला ताप आला, तो उतरेपर्यंत दुसऱ्याला आला, आणि माझी शाळा तिथंच थांबली. काकू वाईट नव्हत्या. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त दाराबाहेर पडायची वेळ आली की एक पोर माझ्या कडेवर असायचं आणि दुसरं पायाशी. त्या दीड खोलीत मला कधीकधी श्वास पुरायचा नाही.

बाईंना का नाही सांगितलंस, असं आज लोक विचारतात. सांगायचं कुठे? दीड खोली, आणि काकू समोर बसलेल्या. त्यात त्यांनी एकदा पोळ्या लाटता लाटता ऐकवलं होतं, "सांग की बाईंना. आमी काय तुला बांधून ठेवलंय? जा परत त्या हॉलमध्ये." तो हॉल म्हणजे बालगृहातला, चाळीस मुलींचा. इकडे आड तिकडे विहीर. शिवाय बाईंच्या परीक्षेचा पेपर आम्हा सगळ्यांना फुटलेला होता. मोठ्या मुलींनी निघतानाच कानात सांगितलं होतं, "पिशवी रिकामी करून ठेव, बाई खूश होतात." बाई यायच्या दिवशी सकाळी मी कपाटातली पोरांची दुपटी, लंगोट उचलून ठेवायची आणि माझे कपडे घडी घालून मांडायची. सगळ्यात वर पिवळा फ्रॉक. त्या गेल्या की कपडे पुन्हा पिशवीत. तीन महिने असं चाललं. "शाळा?" त्यांनी विचारलं की काकू सांगायच्या, "सकाळची असते." मी म्हणायची, "बरं चाललंय." आणि त्या कागदावर लिहायच्या, मुलगी रुळली.

चौथ्या महिन्यात बाईंनी कपाट उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मग पिवळा फ्रॉक उचलला आणि माझ्या अंगाला लावला. तो गुडघ्याच्या कितीतरी वर आला.

"हा तुला कधीपासून होत नाही?"

त्यांनी कप्प्यात हात फिरवला, तर लंगोटाची एक सेफ्टीपिन सापडली.

"दप्तर आण."

वहीत शेवटची तारीख जूनमधली होती.

"तिलाच नको वाटते ओ शाळा," काकू म्हणाल्या. "पोरांचा लळा लागलाय तिला." यातलं दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून मला जास्तच रडू आलं.

बाई काकूंवर ओरडल्या नाहीत. फरशीवर बसल्या, मांडीवर फाईल घेतली, लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. "वाच. तुझ्याबद्दल आहे." लिहिलं होतं, 'मागच्या तिन्ही भेटींत मुलगी रुळली असे मी लिहिले, ते चुकीचे होते. मी कप्पा पाहिला. मुलगी पाहिली नाही.' खाली सही. तोवर माझ्यापुढे कुठल्याच मोठ्या माणसानं चूक कबूल केली नव्हती.

त्याच दिवशी बाईंबरोबर निघताना जुळ्यांतल्या एकानं माझी ओढणी मुठीत धरली, आणि मी त्याचं एकेक बोट सोडवलं. मला त्या घरातून सुटायचं होतं, त्या पोरांपासून नव्हतं.

संस्थेत मी पिशवी घेऊन बाहेर बाकावर बसले होते. आतून संस्थेच्या मोठ्या साहेबांचा आवाज येत होता. ते पान काढा, नवं लिहा, संस्थेचं नाव जाईल. बाई म्हणाल्या, "साहेब, पान फाडलं तर पोरीची शाळा कुठं बुडाली ते कुणाला कळणार?" पान राहिलं. बाईंच्या घरभेटी मात्र वर्षभर बंद झाल्या, त्यांना ऑफिसातल्या कागदपत्रांच्या कामावर बसवलं. मला नेरूळला एका निवृत्त शिक्षिकेकडे पाठवलं. तिथं शाळा पुन्हा सुरू झाली आणि दोन आठवड्यांत माझे कपडे कपाटात गेले. कुणी बघायला येणार म्हणून नव्हे.

दहावी पास झाले तेव्हा पेढे घेऊन बाईंच्या घरी गेले. वाशीला भावाचा फ्लॅट होता. नवरा गेल्यापासून, म्हणजे वीस-बावीस वर्षं, त्या भावाकडेच होत्या. मी दारातूनच चेष्टेनं म्हटलं, "बाई, पिशवी कुठाय?" त्या हसल्या आणि मला आत घेऊन गेल्या. काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत एक घडीची खाट होती. खाटेखाली पिशवी. चेन अर्धी उघडी, आत नीट घड्या घातलेल्या साड्या. माझं हसू जागच्या जागी विरलं.

"बाई, कपाट?"

"वहिनीला जागा लागते गं. बरं चाललंय."

या वाक्याची किंमत माझ्याइतकी कुणाला ठाऊक असणार? मी बघतच राहिले, तेव्हा त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "माझी फाईल नाही ना कुणाकडे."

नोकरी लागल्यावर मी घणसोलीला भाड्यानं खोली घेतली. कपाटाचा एक कप्पा रिकामा ठेवला आणि बाईंना म्हटलं, माझ्याकडे राहायला या, कायमच्या. "बघते," म्हणाल्या. तीनदा विचारलं, तीनदा "बघते". चौथ्या वेळी खरंच आल्या. चार दिवस राहिल्या. पिशवी खाटेखालीच होती. पाचव्या दिवशी भाऊ न्यायला आला. वहिनीचे गुडघे धरले होते आणि नातवाला बघायला घरात कुणी नव्हतं. बाईंनी चेन लावली. मी म्हटलं, "नका ना जाऊ." त्या म्हणाल्या, "पोराला माझा लळा आहे गं."

पुढच्याच हिवाळ्यात त्या गेल्या, त्याच गॅलरीत.

भाऊ त्यांना घेऊन गेला त्या दिवशी, निरोप देऊन आल्यावर, मी कप्पा उघडला होता. आत निळ्या चौकड्यांची सुती साडी होती, घरभेटींना नेसायच्या ती, नीट घडी घातलेली. पिशवीबाई कुठे काही विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. माझ्या घरात आता मुलं आहेत, जागा अपुरी पडते. त्या कप्प्यात मी अजून दुसरं काही ठेवलेलं नाही.