गाद्यांची खोली

मेक्सिकोतल्या मेहिकालीत ऊन तापलं की घरं आकसतात. नेरेइदाचं चार खोल्यांचं घरही जूनमध्ये एका खोलीएवढं झालं. एसी तेवढ्याच खोलीत. सगळ्या गाद्या तिथं ओढून भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरल्या, दाराखाली चादर कोंबली. नेरेइदा, नवरा फेर्मीन, सासू दोन्या लाला आणि दीड वर्षांची दामारिस, सगळ्यांचं जेवणखाण, झोप, भांडण तिथंच.

दामारिस अजून चालत नव्हती. उभी राहायची, डुलायची, धपकन बसायची. नेरेइदा येता-जाता तिच्या पोटऱ्या चाचपायची. शेजारणीचा मुलगा एवढाच, पण एप्रिलमध्येच अंगणभर पळत होता.

"डॉक्टरला दाखवू या."

"या उन्हात? भाजून काढायचीय का पोरीला?" फेर्मीन रात्रपाळी करून आलेला, डोळे न उघडताच बोलला.

"अगं, दोन वर्षांचा होईपर्यंत हा बसूनच होता," दोन्या लाला म्हणाल्या. "आता तरी कुठं उठतोय!"

नेरेइदाला हसू आलं नाही. ती उठली, पडदा सारला, पुन्हा लावला, पुन्हा पोरीच्या पायांशी येऊन बसली.

त्या दुपारी वीज गेली. बघता बघता खोलीची भट्टी झाली. फेर्मीन उशी घेऊन न्हाणीघरात जाऊन पडला. नळाला कढत पाणी, म्हणून दोन्या लालांनी पिण्याचं पाणी स्वयंपाकघराच्या फरशीवर ओतलं. "सोड तिला इथं. जरा गार वाटेल."

पाणी लगेच सुकलं. दामारिसनं टेबलाचा पाय धरला, उभी राहिली. डुलली नाही. हात सोडला आणि फट फट पावलं टाकत फ्रीजपर्यंत गेली.

नेरेइदाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. गादीवर तर आपलाही पाय धड पडत नाही, आणि हिला महिनाभर दुसरी जमीनच दिली नाही आपण!

वीज आली. न्हाणीघरातून परतलेला फेर्मीन ओरडला, "आत या लवकर! दार लावा, गारवा जातोय!"

दामारिसचे गाल लालबुंद झाले होते. तिला उचलताच तिनं फरशीकडे अंग टाकून भोकाड पसरलं. नेरेइदा तिला घेऊन आत आली, दार लावलं आणि आपली गादी गुंडाळून भिंतीशी उभी केली.

"हे काय? झोपशील कुठं?"

"तुझ्या गादीवर. सरक तिकडं."

"आधीच उकडतंय, त्यात—"

"सरक म्हटलं ना!"

गादी होती तिथं फरशीची अरुंद पट्टी उघडी पडली. नेरेइदानं तळवा टेकून पाहिला. गार होती. तिनं दामारिसला त्यावर उभं केलं.