परवानगीची दिवाळी

नागपुरातल्या आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत आश्विन सरत आला की पत्र्याची दुकानं उभी राहतात. काल संध्याकाळी भाजी घेऊन त्यांच्या कडेकडेने परतत होते, तेव्हा एक वास आला आणि पाय आपसूक मंदावले. फुटलेल्या फटाक्यांचा धूर सगळ्यांच्या ओळखीचा असतो, डोळ्यांना झोंबणारा, घशात उतरणारा. हा तो नव्हता. हा न फुटलेल्या फटाक्यांचा वास होता: नव्या लाल कागदाचा, सुकलेल्या खळीचा आणि त्याच्या आत गप्प बसलेल्या कोरड्या बारुदीचा. दुकानदाराला वाटलं मी गिऱ्हाईक आहे. तो फुलबाज्यांचे पुडे माझ्यापुढे मांडत राहिला आणि मी मात्र तिथे नव्हतेच. मी वडशाला पोचले होते.

कागदोपत्री आमच्या गावाचं नाव देसाईगंज, पण जिभेवर वडसाच. धानाचं गाव. दिवाळीच्या सुमारास लवकर पिकणारा हलका धान कापणीला आलेला असे, गिरण्यांच्या भट्ट्यांमधून उकडत्या धानाची गोडसर वाफ निघे आणि ती गावावर पातळ दुलईसारखी पसरून राही. मी तेव्हा नागपूरला कॉलेजात होते. सुट्टी लागली की अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने नागभीडपर्यंत, तिथून गाडी बदलून घरी. स्टेशनावर उतरताच ती वाफ अंगाला भेटे आणि मग खऱ्या अर्थाने सुट्टी सुरू होई. माझी आई गावच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. सारं गाव तिला सिस्टरबाई म्हणे. आमच्या घरी बुद्धवंदना होई, लक्ष्मीपूजन नसे; पण फटाक्यांशी आमचं काही वाकडं नव्हतं. भीमजयंतीला आमची वस्ती जी आतषबाजी करी, ती बघायला बाजारपेठेतली माणसं गच्चीवर चढत. आणि जयंतीचे फटाके असोत की दिवाळीचे, ते यायचे एकाच दुकानातून, बांगडीवाल्या चाचांच्या.

चाचांचं दुकान बाजारातल्या अरुंद गल्लीत होतं. वर्षभर ते बांगड्या भरत. समोर पाट, पाटावर बसलेली बाई, आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन तो पिठाच्या गोळ्यासारखा मऊ करत बोलत राहणारे चाचा. सासरचं, माहेरचं, धानाचं, पावसाचं असं काहीबाही ते विचारत, आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर कधी सरकली ते त्या बाईलाही कळत नसे. दिवाळी आली की दुकानाच्या पुढच्या भागात फटाके मांडले जात. गल्लीतले चार-सहा दुकानदार असंच करत. कापडवाल्याच्या शेजारी फटाके, फटाक्यांच्या शेजारी मिठाई, आणि उन्हासाठी वरून बांधलेल्या कापडी कनाती या टोकापासून त्या टोकापर्यंत. आता आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा ती गल्ली आम्हाला जगातली सगळ्यात देखणी जागा वाटे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची एक दिवाळी. सणाच्या आदल्या संध्याकाळी गल्ली माणसांनी फुललेली होती. कुणा गिऱ्हाइकाने अनार चांगला आहे की नाही हे बघायला तो दुकानासमोरच पेटवला. ठिणग्या वर गेल्या आणि कनातीने पेट घेतला. पुढचं सगळं काही क्षणांत झालं. चाचांच्या पाटावर तेव्हा कुरखेड्याकडच्या एका गावची नवी सून बसली होती. लग्नानंतरची पहिली दिवाळी, दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी नुकतेच भरलेले. जळती कनात खाली आली ती तिच्या पदरावर. तिने घाबरून दोन्ही हातांनी पदर विझवायला घेतला. चाचांनी तिला आगीतून ओढून बाहेर काढलं, आणि त्यात त्यांचा उजवा तळवा भाजला. मागे दुकान पेटलं, तिकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

दवाखान्यात त्या संध्याकाळी आईची ड्युटी होती. मी घरून तिचा डबा घेऊन गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. त्या मुलीचे हात सुजत चालले होते आणि बांगड्या मांसात रुतत होत्या. त्या काढायलाच हव्या होत्या, आणि फोडल्याशिवाय निघणाऱ्या नव्हत्या. तिची सासू मात्र पलंगाला धरून बसली होती. सवाशिणीच्या बांगड्या फोडू देणार नाही म्हणत होती. आई तिच्याशी वाद घालत बसली नाही. बाहेर तळव्याला पट्टी बांधून घेत बसलेल्या चाचांना तिने आत बोलावलं.

चाचा पलंगाजवळ बसले. सासूला म्हणाले, "माय, मीच भरल्या, मीच उतरवतो. हात बरे झाले का मीच भरून देईन."

सासूने पलंग सोडला. चाचांनी मनगटावर ओला फडका टाकला आणि डाव्या हाताने, एकेक करून, तासाभरापूर्वी भरलेल्या त्या बांगड्या फोडल्या. काचेचा एक कणही त्या मुलीला लागू दिला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात जराही हलत नव्हता.

ती मुलगी वाचली. बरेच दिवस दवाखान्यात होती. चाचा फळं घेऊन येत, दाराशी ठेवून जात. आत यायचा धीर त्यांना होत नसे.

पुढच्या वर्षी गावात फटाके विकायला परवानगी मिळाली नाही. मागितली असती तरी कोण देणार होतं? आईला ते मनापासून पटलं होतं. त्या दिवाळीला मी आले तेव्हा गल्लीत पणत्या होत्या, रांगोळ्या होत्या, पण फटाक्यांचं एकही दुकान नव्हतं. आणि तरी संध्याकाळ झाली तसे चारी बाजूंनी फटाके वाजायला लागले. थैल्यांमधून, रेल्वेच्या डब्यांतून, तांदळाच्या पोत्यांआडून माल आला होता आणि घराघरांतून चोरून विकला जात होता. लोकांनी तो खाटेखाली ठेवला, चुलीशेजारच्या फडताळात ठेवला. सणाच्या दुसऱ्या दिवशी आईच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ आले. पाय भाजलेला होता, आणि तो आदल्या दिवशीच भाजलेला होता. घरात चोरीचा माल होता, दवाखान्यात गेलो तर पोलीस येतील, म्हणून घरच्यांनी हळद लावून रात्र काढली होती. कसं भाजलं ते विचारलं तर कुणी सांगेना.

आई त्या दिवशी घरी आली आणि पायसुद्धा न धुता अंगणात बसली. मग मला म्हणाली, की आगीला माणूस पळत येतो, पण भीतीला तो घरात दडून राहतो. मागच्या साली निदान सगळे पळत दवाखान्यात आले होते.  तिच्या मनात काहीतरी हललं होतं, हे मला जाणवलं.

त्यानंतरच्या दिवाळीपूर्वी, मी सुट्टीला लवकर आले होते तेव्हा, चाचा आमच्या घरी आले. बांगड्यांचं दुकान त्यांनी पुन्हा उभं केलं होतं, पण चोरून फटाके विकण्यात ते सामील झाले नव्हते. चहाचा कप बराच वेळ हातात धरून त्यांनी मुद्द्याला हात घातला. काही दुकानदार मिळून परवानगी मागणार होते, आणि आपण त्यात असावं की नाही हे ते आईला विचारायला आले होते.

"बाई, तुमी नाई म्हनान तं मी सहीच करत नाई," ते म्हणाले. "त्या पोरीचे हात तुमी पाह्यले, मी पाह्यले. बाकीच्याईनं नाई पाह्यले."

आई म्हणाली, "भाऊ, मले दुकान बंद नाई पायजे. मले वॉर्डात मानूस नाई पायजे. हे दोन्ही कसं जमन, ते बसून पाहू."

आणि ती दोघं खरंच बसली. पुढचे काही दिवस आमच्या अंगणात संध्याकाळी एक विलक्षण बैठक भरे. एक जण फटाके विकणारा, दुसरी भाजलेल्यांना मलम लावणारी. गल्लीत नको, मोकळ्या मैदानावर. कापड नको, पत्रे. दोन दुकानांमध्ये इतकं अंतर, की एक पेटलं तर दुसऱ्याला झळ लागू नये. प्रत्येकापाशी वाळू आणि पाणी. मैदानावर कुणी काही पेटवून बघायचं नाही, आणि विडी ओढणाऱ्याने रस्त्यावरच थांबायचं. चाचांना माल कसा पेटतो ते ठाऊक होतं, आईला माणूस कसा पेटतो ते. मी शेजारी तांदूळ निवडत ऐकत असे, आणि मनात येई, की शहाणपण असंच जन्माला येत असावं, दोन घाबरलेल्या माणसांच्या बोलण्यातून.

मैदानाचा प्रश्न होता. स्टेशनच्या बाजूचं ते मैदान दिवाळीनंतर नाटकांचं असे. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या जंगलाच्या आणि धानाच्या मुलखात, हिवाळा म्हणजे नाटक. सगळ्या मंडळ्यांची लगबग वडशातच, आणि मंडपाच्या तयारीला दिवाळीआधीच सुरुवात होई. चाचा नाटकवाल्यांना भेटले. त्यांनी आपलं काम पुढे ढकललं, वर मंडपाचे पत्रेही दिले.

परवानगी देणारे अधिकारी मात्र ऐकायला तयार नव्हते. गावकऱ्यांना त्यांनी बोलावलं तेव्हा आई उठली. दवाखान्याच्या सिस्टरबाई उठल्या म्हणजे विरोधच करणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आईने आधी त्या मुलीच्या हातांबद्दल सांगितलं, मग त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या पायाबद्दल. मग ती एवढंच म्हणाली, की फटाके या गावात येणारच आहेत. ते कुठून यावेत, उजेडातून की खाटेखालून, एवढंच साहेबांच्या हातात आहे.  दुसऱ्या दिवशी अधिकारी मैदान बघायला आले, आणि जाताना परवानगी देऊन गेले, सणापुरती.

ती दिवाळी मी कधी विसरणार नाही. मावळतीच्या उन्हात पत्र्यांची ती विरळ दुकानं, मध्ये मोकळी पिवळी माती, आणि एका कडेला खुर्ची टाकून बसलेली माझी आई, पायाशी पाण्याच्या बादल्या आणि औषधांची पेटी. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. लोकांना आधी ते सगळं ओकंओकं वाटलं. दुकानांमध्ये एवढं अंतर की भावाची घासाघीस करायलाही चालत जावं लागे. पण मग हळूहळू माणसं रमली.

आणि त्याच संध्याकाळी आग लागली. बाहेरच्या रस्त्यावरून कुणी सोडलेला बाण वाकडातिकडा येत टोकाच्या दुकानात शिरला. दुकानदार उडी मारून बाहेर पडला. आतला माल कडाडायला लागला, लोक मागे सरले, वाळू आली, पाणी आलं. ते एक दुकान पूर्ण जळालं. शेजारची दोन्ही तशीच उभी राहिली. आईची पेटी उघडावीच लागली नाही.

अधिकारी धावत आले. आता ते सगळं बंद करणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते सरळ आईकडे गेले आणि किती जण भाजले, म्हणून विचारलं.

"कोनीच नाई, साहेब," आई म्हणाली.

त्यांनी जळलेल्या पत्र्यांकडे पाहिलं, मग मधल्या मोकळ्या जागेकडे, आणि बाजार चालू ठेवायला सांगून ते स्वतः तिथेच थांबले. जळालेल्या दुकानाच्या मालकाला बाकीच्यांनी आपापल्या दुकानातला थोडा थोडा माल दिला, आणि दुसऱ्या दिवशी तोही पुन्हा उभा होता.

दुसऱ्या दिवशीच ती आली. कुरखेड्याकडची ती सून. नवरा बरोबर होता, आणि त्याच्या कडेवर छोटी मुलगी. ती चाचांच्या दुकानासमोर उभी राहिली तेव्हा चाचांनी हातातला पुडा खाली ठेवला.  तिच्या हातांवरची कातडी चकचकीत, आवळलेली होती. बोटं पुरती उघडत नव्हती.

ती म्हणाली, "चाचा, पोरीसाठी फुलझड्या द्या. तिले भेव नाई वाटलं पायजे." आणि थोडं थांबून, "उद्या दुकानात असान ना? हात भरायचे हाय."

त्याच्या पुढच्या सकाळी आई आणि मी मुद्दाम गल्लीत गेलो. चाचांनी तिला पाटावर बसवलं. तो हात आता मऊ होणारा नव्हता. त्यांनी तेल लावलं, खूप वेळ घेतला, आणि ते नेहमीसारखे बोलत राहिले, धानाचं, पावसाचं, तिच्या पोरीचं. बांगडी आवळलेल्या बोटांपाशी अडे, तिथे ते थांबत, तिला श्वास घेऊ देत, मग पुन्हा. शेवटची बांगडी चढली तेव्हा ती हसली, आणि आईने पदराने डोळे पुसले. वॉर्डात कधी न रडणारी माझी आई.

पुढे दरवर्षी मैदानावर बाजार भरू लागला. नव्या शतकात गाव वाढलं, दुकानं गावाबाहेर गेली, नियम छापील झाले. आई निवृत्त झाली, नागपूरला माझ्याकडे राहिली आणि इथेच गेली. चाचाही आता नाहीत. गेल्या खेपेला वडशाला गेले तेव्हा फटाक्यांच्या दुकानांमध्ये तेच अंतर दिसलं. एका तरुण दुकानदाराला मी विचारलं, एवढी लांब लांब का मांडता? तो म्हणाला, "पहिलेपासून असंच हाय, बाई." त्याला कारण ठाऊक नव्हतं, आणि मला सांगावंसंही वाटलं नाही.

घडलेल्या गोष्टी लोक लक्षात ठेवतात. न घडलेल्या गोष्टींचा कुणी हिशेब ठेवत नाही. त्यानंतरच्या कितीतरी दिवाळ्यांना आईच्या वॉर्डातले पलंग पांढऱ्या चादरी घालून रिकामे राहिले, आणि त्या रिकाम्या पलंगांबद्दल गावात कधी कुणी काही बोललं नाही. त्या वर्षांतली मुलं आता मोठी झाली असतील. त्यांच्या नितळ हातांकडे बघून त्यांना काही आठवत नसेल, आणि तेच बरं आहे. मला मात्र त्या हातांमागे दोन माणसं दिसतात, अंगणात समोरासमोर बसलेली, चहा निवत ठेवून बोलणारी. त्यांचे आभार कुणी मानले नाहीत, मीही नाही. आज इतक्या वर्षांनी, इतक्या दूर, ते मनातल्या मनात मानते आहे, आणि ते कुणापर्यंत पोचणार नाहीत याचं वाईटही वाटत नाही.