किशनअण्णांना पडदा पाहिजे होता

रक्षा रागावली की हळू बोलते. वडगावात, घरातच यंत्रमाग असलेल्या माणसांत, हे आक्रीतच म्हणायचं. तिथं त्या खडखडाटात 'चहा घे' म्हणायचं तरी ओरडावं लागतं. आई म्हणायची, "ही बया हळू बोलाय लागली की मला लई भ्या वाटतंय." शाळेत एकदा मास्तरांनी दुसऱ्याची चूक हिच्या माथी मारली, तेव्हा ही उठून इतकं हळू बोलली की सगळा वर्ग गप्प झाला. मास्तरांनी चूक काही कबूल केली नाही, आणि हिनं ती गोष्ट अजून मनातून काढलेली नाही.

मोठी झाल्यावर तिला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली. स्कूटरवरून जायची, यायची, आणि सुट्टीच्या दिवशी विणकर संघाची वेबसाइट बनवत बसायची. कुणी सांगितलं होतं का? कुणी नाही. शेजारच्या बायाक्कासाठी तिनं हे अंगावर घेतलं होतं.

बायाक्का म्हणजे गल्लीत हातमागावर बसणारी शेवटची बाई. तिच्या जांभळ्या साडीचा काठ बघून बायका आधी हात फिरवायच्या आणि मग बोलायच्या. रक्षा लहानपणी त्या मागाशेजारी पोत्यावर झोपायची, इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याच्या आवाजावर. पण आता साड्या पडून राहत होत्या, घरात खोली एकच, आणि बायाक्काचा मुलगा भरमा तिथं यंत्रमाग बसवायचं म्हणत होता. वाईट नव्हता तो. त्यानं आईला सरळ सांगितलं होतं, "जत्रेपर्यंत बघूया, आई. मोठं गिऱ्हाईक आलं तर तुझा माग ऱ्हाईल. न्हाय तर उचलायचा."

म्हणून रक्षाची धावपळ. संघाचे अध्यक्ष किशनअण्णा वेबसाइट बाहेर भाड्याच्या जागेत ठेवायला तयार नव्हते. "आपली वस्तू आपल्या घरात पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं. बरं बाबा, तसं तर तसं. संघाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच वेबसाइट चालवायची ठरली, आणि त्यात सिस्टिम कुठली घालायची यावर बैठक बसली. रक्षानं सर्व्हरची सिस्टिम घालून दाखवली. किशनअण्णांनी पडद्याकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय गं? काळं फळकूट आन् त्यावर पांढरी अक्षरं? चित्रं कुठायत?"

"चित्रं गिऱ्हाइकाला दिसत्यात, अण्णा. हितं कुणी बघायचंच न्हाय. ही सिस्टिम समोर कुणी बसलेलं न्हाय असं धरूनच चालती. करंट गेला, परत आला, की आपली आपण उठून कामाला लागती."

"आन् आमच्या घरातल्या कॉम्प्युटरात असती ती?"

"ती समोर माणूस बसलाय असं धरून चालती. हात लावला न्हाय की झोपती. मधीच अपडेट घेती, बंद होऊन चालू होती, आन् पासवर्ड विचारत बसती. पासवर्ड घालस्तोवर वेबसाइट बंद. लांबनं हात घालायचीबी सोय न्हाय त्यात."

हे इतकं स्वच्छ सांगितलं होतं हो! पण अण्णांना त्या कॉम्प्युटरवर जत्रेची पावती छापायची होती, भजनं लावायची होती, आल्यागेल्याला रंगीत पडदा दाखवायचा होता. वर म्हणतात, "तुझी ती सिस्टिम फुकट मिळती म्हणं. फुकटाचं काय टिकतंय?" बाकीच्यांनी माना हलवल्या. ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्या माना हलवण्यानं ही गोष्ट ठरली! रक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं घरगुती सिस्टिम घातली, तिची झोप बंद केली, अपडेट पुढं ढकलली, कारण बायाक्काची साडी लोकांपुढं येणं जरुरीचं होतं. पुढच्या रविवारी जाऊन बघते तर कुणीतरी भजनं लावताना सगळं पहिल्यासारखं करून ठेवलेलं. तिनं परत नीट केलं. परत कुणीतरी हात घातला.

आणि मग बोरगावहून निरोप आला. तिथल्या तेजस्वी नावाच्या मुलीचं लग्न तुळशीनंतर होतं, आणि साऱ्या करवल्यांना एकसारख्या साड्या घ्यायच्या होत्या. मंगळवारी घरातल्या बायका जमणार, वेबसाइटवर साड्या बघणार आणि ठरवणार. रक्षानं जांभळी साडी पहिल्या पानावर टाकली. भरमासुद्धा म्हणाला, "हे जमलं तर मागाचं नाव काढत न्हाय."

तो मंगळवार वडगावात वाराचा होता. मंगाईदेवीच्या जत्रेआधी गाव वार पाळतं. त्या दिवशी माग बंद, कामाला हात लावायचा नाही. संघाच्या ऑफिसालाही कुलूप. सकाळीच करंट गेला आणि थोड्या वेळानं आला. कॉम्प्युटर उठला, आलेलं अपडेट गिळलं, आणि बंद ऑफिसात कुणीतरी येऊन पासवर्ड घालील म्हणून वाट बघत बसला.

रक्षानं कारखान्यातून सहज वेबसाइट उघडून बघितली. उघडेना. ती सुट्टी टाकून स्कूटर मारत थेट किशनअण्णांच्या दारात.

"अण्णा, किल्ली द्या. नुसता पासवर्ड घालायचाय."

"आज वार हाय, पोरी. आज यंत्राला हात लावायचा न्हाय."

"अवो, कॉम्प्युटर काय माग हाय?"

"यंत्रच न्हवं? उद्या ये."

"अण्णा, बायाक्काचा माग जाईल."

"देवीपेक्षा मोठं काय असतंय गं?" असं म्हणून ते पाटावर जाऊन जेवायला बसले. देवी मधे कुठून आली? देवीनं पासवर्ड मागितला होता का? पासवर्ड मागत होती ती अण्णांनी हट्टानं घालून घेतलेली सिस्टिम!

रक्षानं दारातूनच बोरगावला फोन लावला. फोटो पाठवते म्हणाली, साडी घेऊन आत्ता निघते म्हणाली. पलीकडून नवरीची मावशी म्हणाली, "सकाळपास्नं उघडतोय बाई, बंदच. बंद दुकानाच्या दारात किती उभारायचं? आम्ही निपाणीला आलाव. साड्या घेऊनबी झाल्या की."

बायाक्काला हे सांगायची हिंमत रक्षाला होईना. शेवटी सांगितलं. म्हातारी जमिनीवर बसून होती, वार म्हणून मागापासून लांब. म्हणाली, "माझा हात देवीनं थांबवलाय, ते बरोबर हाय. पर दुकानातला दिवा इझवाय देवीनं सांगितलंतं व्हय?"

जत्रा झाली आणि भरमानं माग उकलला. लाकडं अंगणात रचली. ती उचलताना तो आईकडं बघत नव्हता. रक्षा रडली, मोठ्यानं रडली. तिची आई म्हणाली, चला, मोठ्यानं रडली तरी.

त्यानंतर पाहुण्यांसमोर वेबसाइट दोनदा बंद पडली तेव्हा अण्णांना अक्कल आली. "घाल बाई तुझी ती काळी सिस्टिम," म्हणाले. रक्षानं घातली, पडदा काढून अण्णांच्या घरी भजनांसाठी पाठवून दिला आणि कॉम्प्युटर कपाटात ठेवला. त्या दिवसापासून वेबसाइट बंद म्हणून नाही. करंट जाऊन येवो, वार असो, पहिल्या पानावर जांभळी साडी दिसतेच, आणि ती बघून लोक मागणी करतात. पुण्याहून करतात, हुबळीहून करतात. पडून राहिलेल्या साड्या कधीच संपल्या, तरी सगळ्यांना तीच पाहिजे.

"तो फोटो काढ गं," किशनअण्णा म्हणाले. "नसलेली साडी कशाला दाखवायची? काय सांगायचं लोकास्नी?"

"काढणार न्हाय," रक्षा म्हणाली. इतकं हळू, की अण्णांना पुढं वाकावं लागलं. "जे झालं ते सांगायचं."

आणि तिनं फोटोखाली एक ओळ घातली: ह्या साडीबद्दल अध्यक्षांना विचारा. खाली अण्णांचा फोन नंबर.

परवा अण्णा बायाक्काच्या घरावरून चालले होते. जुनी ओळख, म्हणून दारात थांबले. आत भरमाचा यंत्रमाग खडखडत होता आणि बायाक्का उंबऱ्यावर रिकामी बसली होती. तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. कुणी बाई होती, जांभळी साडी हवी होती. अण्णांनी फोन हातानं झाकला आणि ओरडून विचारलं, "आक्का, काय सांगू हिला?"

बायाक्का मागाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "सांग की रं किशना. आज वार हाय म्हणून सांग."