खांड पडली त्या दिवशी माझं लग्न

बायको गेली त्याला सव्वा वर्ष झालं. माणसं भेटायला येतात, माना खाली घालून बसतात. मला ते जमत नाही. मी त्यांना आमच्या लग्नाची गोष्ट सांगतो.

आमचं गाव पनवेलच्या खाडीवर. शेतं खाडीच्या पाण्याच्या पातळीखालची, मधे फक्त मातीचा बांध. उधाणात बांध फुटला की त्याला खांड पडली म्हणायचं, आणि घरटी एक गडी गेलाच पाहिजे. आमच्या घरात गडी मी एकटाच.

लग्नाच्या दिवशी दुपारी मला हळद लागली आणि बांधावरून हाक आली, खांड पडली.

मी उठलो. आत्या दारात आडवी बसली. "हळद लागलेला नवरा मांडवाबाहेर जात नाय."

"मग मांडव घेऊन ये," म्हणालो आणि मागच्या दारानं पळालो.

खरी गोची पुढंच होती. नवरीचं गाव खाडीपलीकडं, वरात होडीनं जायची. पाणी उतरलं तर खांड बुजेल, पण होडी चिखलात बसेल आणि सांजेचा मुहूर्त जाईल. पाणी राहिलं तर होडी निघेल, पण शेत खारं होईल. एकाच पाण्याशी दोन्हीकडून भांडण.

मी चिखलाची पाटी उचलली तोच मागून धवलारणीचं, लग्नात गाणी म्हणणाऱ्या बाईचं, गाणं ऐकू आलं. आत्या खरंच मांडव घेऊन आली होती. चार बायका, चार बांबू, वर लुगडं. मी माती काढायला वळलो की मांडव वळायचा, मी खांडीकडं पळालो की बायका बांबू घेऊन धावायच्या. धवलारीण पळता पळता गात होती.

एक गडी म्हणाला, "नवरदेव, जरा हिकडं ये रं. लय ऊन हाय."

सगळे हसायला लागले. हसता हसता टाकलेली माती वाहून जात होती. शेवटी आत्याच चिडली. "दात काय काढताव? घ्या हे बांबू, ठोका खांडीत." चारी बांबू ठोकले, लुगडं आडवं लावलं, त्यावर माती दाबली. पाणी थांबलं.

मी म्हणालो, "आत्या, आता मांडव गेला. मी हलू कसा?"

"गप. होडी बघ."

होडी निम्मी टेकलीच होती. सगळ्या वऱ्हाडानं कंबरभर चिखलात उतरून ती ढकलली. पनवेलच्या बाजारातून आणलेलं बाशिंग माझ्या डोक्यावर लोंबत होतं.

दिवस बुडताना पोचलो. सासरा माझ्याकडं वरून खाली बघत म्हणाला, "हा नवरा हाय का निवटी?" निवटी म्हणजे चिखलातली उड्या मारणारी मासळी. "असल्याला मी पोर देनार नाय. न्या परत."

तेवढ्यात घरातून आवाज आला. नवरीचा. त्या काळी नवरी बोलत नसे.

"खांड बुजली का, विचारा त्याला."

"बुजली," मीच ओरडलो.

"मग बाबा, त्याच्या डोक्यावर पानी ओता. मुहूर्त चाललाय."

सासऱ्यानं दोन घागरी माझ्यावर ओतल्या आणि ओल्या अंगानं मी पाटावर उभा राहिलो. अंतरपाट खाली आला तेव्हा ती हसत होती, इतकी की हार माझ्या गळ्यात न पडता कानाला अडकला. कानातला चिखल तिनं दुसऱ्या दिवशी काढला.