डायरेक्ट केलेला स्विच

शेठच्या मी कानाखाली वाजवली, ही गोष्ट आमच्या नाक्यावर अजून चवीने सांगतात. गरीब ड्रायव्हरची बाजू घेतली म्हणे मी. ऐकलं की डोकं फिरतं माझं. मारलं खरं, पण बाजूबिजू काही घेतली नव्हती.

रत्नागिरीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो मी, हयात गेली त्यात. स्वभाव पहिल्यापासून तापट. गिऱ्हाईक शहाणपणा शिकवायला लागलं की सरळ गाडी घेऊन जा म्हणतो. तरी येतात, कारण फॉल्ट सापडतो. आणि घाई असली की आम्ही इथले सगळेच वायरमन एक करतो: त्रास देणाऱ्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून मोकळे होतो. त्याला डायरेक्ट करणं म्हणतात. खाऱ्या हवेने दोन पावसाळ्यांत स्विच हिरवे पडतात इथे. नवीन येईपर्यंत गिऱ्हाइकाने काय गाडी ढकलत न्यायची?

शेठ मुंबईचा, मूळ आमच्याच बाजूच्या गावचा. मुलीच्या लग्नासाठी त्याने छप्पर उघडणारी गाडी आणली होती. बटण दाबलं की छप्पर मागे जाऊन डिकीत घडी होऊन बसतं, तसली. संध्याकाळी आरे-वारेच्या रस्त्याने उघड्या गाडीतून वरात काढायची होती आणि सकाळपासून छप्पर जागचं हलेना.

गाडी माझ्या दारात थांबली, ड्रायव्हर उतरला, आणि मागच्या गाडीतून उतरलेल्या शेठने सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. तूच नको ते दाबलंस म्हणाला. ड्रायव्हर असेल पस्तिशीचा. त्याने गालसुद्धा चोळला नाही. शेठ लांब गेल्यावर मला हळूच म्हणाला की दादा, आज हे उघडलं नाही तर माझी नोकरी गेली, घरात मिळवणारा मी एकटाच.

कामाला लागलो. फ्यूज शाबूत. पंपाला थेट बॅटरी दिली तर घुरघुरला, म्हणजे मोटर जिवंत. बटणाची वायर मागपर्यंत ठीक. पंपाला हुकूमच जात नव्हता. आता या गाड्यांच्या डिकीत एक आडवा पडदा असतो, सामान त्याच्या खाली ठेवायचं. पडदा हुकात पक्का बसला की एक छोटा स्विच दबतो, आणि छपराला खाली जागा मोकळी आहे हे गाडीला कळतं. त्या स्विचमधून करंट येत नव्हता. पडदा एका बाजूने बोटभर उचललेला होता. हे मी पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं, कारण शेठ कानाशी येऊन ओरडत होता, किती वेळ, जमत नसेल तर सांग, मुंबईहून माणूस बोलावतो. माझी सटकली. स्विच हवेने खाल्लाय म्हटलं आणि दिला डायरेक्ट करून. पडदा वर करून खाली बघायला कितीसा वेळ लागला असता!

मी पुढे सीटवर बसलो आणि बटण दाबलं. छप्पर उठलं, मागे निघालं. शेठकडे बघून मी हसलोसुद्धा.

पडद्याखाली नारळ होता. निघताना शेठच्या आईने देवाला गाऱ्हाणं घालून, लाल कपड्यात बांधून दिलेला. वरात सुखरूप पोचेपर्यंत गाडीतच ठेवायचा, खाली पडू द्यायचा नाही, फुटू द्यायचा नाही. कुणाचा पाय लागू नये म्हणून ड्रायव्हरने तो डिकीच्या कोपऱ्यात सरकवला होता. तो डिकीमागेच उभा होता. छप्पर नारळावर उतरताना त्याला दिसलं आणि त्याने हात घातला. आमच्याकडचा कुणीही घातला असता. मीसुद्धा.

किंकाळी ऐकून मी बटण सोडलं. छप्पर थांबलं, पण होतं तिथेच, त्याच्या हातावर. ते उलटं फिरवायचं बटण माझ्या बोटाला पटकन सापडेना. हाड मोडल्याचा आवाज मी पुढच्या सीटवर बसून ऐकला.

छप्पर उलटं फिरलं, हात सुटला आणि तो खाली कोसळला. हाताची पुढची बाजू चेंदून गेली होती, रक्त कोपरावरून गळत होतं. नारळाला ओरखडाही नव्हता. शेठ धावत आला, आधी छप्पर बघितलं, मग त्या माणसाच्या बरगडीत लाथ घातली. छप्पर वाकवलंस मेल्या, म्हणाला.

तेव्हा मी शेठला मारलं. कानाखाली, मग तोंडावर. त्याचा दात माझ्या मुठीत रुतला. लोकांनी धरलं म्हणून, नाहीतर थांबलो नसतो. खरं सांगतो, मारताना मला बरं वाटत होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते, माझ्याकडे कुणीच नाही.

ड्रायव्हरला रिक्षात घालून सिव्हिलला नेलं. गर्दी पांगल्यावर मी ती जोडलेली वायर काढली, खालचा नारळ काढून पडदा हुकात बसवला आणि बटण दाबलं. छप्पर कुरकुरत का होईना, चाललं. स्विचला काही झालंच नव्हतं.

दोन महिन्यांनी तो आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, उरलेली नीट वळत नव्हती. शेठने त्याला त्याच दिवशी काढून टाकलं होतं. घरच्या आमसुलांची पिशवी त्याने माझ्या टेबलावर ठेवली.

“दादा, माझ्यासाठी आजवर कुणी हात उचलला नव्हता.”

पिशवी घ्यायला माझा हात पुढे होईना. गप्प बसता आलं असतं. दोन महिने बसलोच होतो.

“बटण मी दाबलं होतं,” मी म्हटलं. “खाली काही असलं की छप्पर अडवणारा स्विच होता. तो मीच डायरेक्ट केला होता. न बघता.”

मग त्याने मारलं. सवयीने उजवाच हात उठला त्याचा. मला काय लागणार त्या हाताचं? कळवळला तोच, हात पोटाशी धरून खाली बसला. मी सावरायला वाकलो.

“हात लावू नका मला,” तो म्हणाला.