जास्वंदीवरचा पाहुणा

मे महिन्यात आमच्या बेसा वस्तीतल्या घरात खुश असणारा एकच जीव होता, मुलाचा बिअर्डेड ड्रॅगन. आम्ही सगळे कुलरपुढे आडवे पडलेलो असायचो आणि हा दाढीवाला सरडा काचेच्या पेटीतल्या दगडावर तोंड वर करून बसलेला असायचा. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तो त्याला माझ्या गळ्यात मारून. पालेभाजी आणि अधूनमधून किडे द्यायचे, एवढंच सांगून गेला. किडे म्हटल्यावर मी कपाळाला हात लावला होता, पण थोड्याच दिवसांत मीच चिमट्याने त्याला किडे भरवू लागले. खरं सांगते, मुलगा कधी ऐकत नसे तेवढं हा माझं ऐकायचा. मला त्याचा लळा लागला होता.

सासूबाईंनी सुरुवातीला त्याला पदर तोंडाला लावून दारातूनच पाहिलं. मग एक दिवस जाहीर केलं की आता घरात आलाच आहे तर तो पाहुणा. आणि आमच्याकडे पाहुण्याला आग्रह केल्याशिवाय सोडत नाहीत. पाहुणा जितका नको म्हणेल तितका वाढणाऱ्याचा हात सैल होतो. हा पाहुणा तर नकोही म्हणत नव्हता. गच्चीवर सासूबाईंची बाग आहे. तिथला कोवळा पालक आणि आंबट चुका रोज सकाळी धुऊन, निथळून त्या त्याला हाताने भरवायच्या. तो मचामचा खायचा आणि त्या धन्य व्हायच्या. घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पालेभाजीने कधी कुणाचं वाईट झालंय?

एका सकाळी तो दगडावरून घसरून पडला. उठायला गेला तर मागचा पाय थरथरत होता. त्याला टॉवेलात गुंडाळून मी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी जबडा चाचपला आणि पहिला प्रश्न विचारला, खातो काय? पालक आणि चुका ऐकून त्यांनी मान हलवली. या भाज्यांमधलं आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. रोज तेच खाऊन त्याची हाडं मऊ पडत चालली होती. त्यांनी कॅल्शियमची पावडर दिली, सकाळचं कोवळं ऊन सांगितलं आणि पाला बदलायला सांगितला. जास्वंदीची पानं, तुतीची पानं, मोहरीचा पाला द्या म्हणाल्या. शक्यतो घरचंच, फवारलेलं नको. जगेल, पण पुन्हा चढू शकेल की नाही ते सांगता येत नाही, असंही म्हणाल्या. चढणारा प्राणी चढला नाही तर त्याच्या जगण्यात उरतं काय, हेच मी घरी येईपर्यंत घोकत होते.

नवरा म्हणाला, सरड्याची धाव कुंपणापर्यंत, एवढं काय मनावर घेतेस? मी म्हटलं, आधी त्याला कुंपणापर्यंत जाता तर येऊ द्या. त्या दिवशी मी नवऱ्याशी धड बोलले नाही.

सासूबाई मात्र खचल्या. "मीच खाऊ घातलं माह्या हातानं," त्या म्हणाल्या. "मीच त्याले लंगडा केला काय वं?"

त्यांना धीर द्यायला हवा होता, पण माझं लक्ष गच्चीवर होतं. उन्हाने सगळी बाग करपली होती. तुती आमच्याकडे नव्हती, मोहरी पेरायची होती. हिरव्या जाळीखाली, कुलरचं शिळं पाणी पिऊन, एकच झाड तरारलेलं होतं, सासूबाईंची लाल जास्वंद. रोजचं फूल गणपतीला. त्या झाडाला घरातलं कुणी हात लावत नसे, कारण कोवळा शेंडा खुडला की कळी गेली. मी पानं मागितली तेव्हा त्या कुंडीपुढे येऊन उभ्या राहिल्या. ते देवाचं झाड आहे म्हणाल्या.

"देवाले फूल लागते आई, पान नाही लागत," मी म्हटलं.

शेवटी तह झाला. पानं पाहुण्याची, फुलं देवाची.

पण पालकाला चटावलेला पाहुणा पानाकडे ढुंकून बघेना. चिरून दिलं, लाल भोपळ्याच्या किसात लपवून दिलं, तर किस तेवढा चाटून तो पानावर बसला. मला असा राग आला की विचारू नका. दुपारी वैतागून मी एक पान चिमट्याने पेटीच्या पुढच्या जाळीला आतून अडकवलं आणि कुलरपुढे जाऊन पडले. कुलरचा झोत जाळीवर पोचत होता. पान हललं. त्याने मान वाकडी केली. पान पुन्हा हललं, आणि त्याला तो किडाच वाटला असणार, कारण त्याने झेप घेऊन ते गट्ट केलं. मी अशी ओरडले की सासूबाई झोपेतून उठून धावत आल्या. दुसरं पान त्यांनीच लावलं.

तिथून पुढे घरात त्यांचंच राज्य. तुतीची फांदी त्यांनी लावली, जुन्या टबात मोहरी त्यांनी पेरली. शेजारणी पाहुण्यासाठी मेथीची जुडी घेऊन आल्या तर फवारलेली आहे का, याची फाटकातच उलटतपासणी. पालक आता फक्त आमच्या ताटात. पाहुण्याचा जबडा घट्ट झाला, तो चटईवर चालू लागला, पण चढेना. फांदीला पुढचे पंजे लावायचा, जोर करायचा आणि घसरायचा. मी तोंड फिरवून घ्यायचे.

भाद्रपदातल्या एका सकाळी सासूबाई परडी घेऊन गच्चीवर आल्या. पाहुण्याला कोवळ्या उन्हात सोडून मी जवळच बसले होते. झाडाच्या टोकाला त्या दिवसाचं एकुलतं एक फूल उमललं होतं. तो सरपटत कुंडीपाशी गेला, काठावर आला, खोडाला पंजे लावले. मागचा पाय सुटला. मी हात पुढे केला तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्याने पाय पुन्हा रोवला आणि वर सरकला. बेचक्यात थांबला, परत सरकला. शेंडा त्याच्या वजनाने वाकला, तरी तो पडला नाही. मग त्याने आ वासला आणि देवाचं फूल देठापासून तोडलं. लाल पाकळ्या दाढीवरून लोंबत होत्या.

पाहुणा चढला होता, मी जिंकले होते. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून आले होते. सासूबाईंनी माझं मनगट सोडलं आणि रिकामी परडी काखेत मारली.

"खाय गा," त्या त्याला म्हणाल्या. "देव उद्या घेईन."